इराला हाक मारायची राहिली

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा करायला उठते. सॉफ्टवेअर टेस्टिंगवर माझं पोट आहे. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ते मी मानत नाही. तरीही लिहितेय... कारण घरात हा विषय काढायची सोय उरलेली नाही.

आम्ही जर्मनीत झिंडेलफिंगेनला राहतो — मी, नवरा समीर आणि सहा वर्षांची इरा. तिला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच द्यायची. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही इंडोनेशियातल्या एका आडबाजूच्या बेटावर गेलो होतो. भर दुपारी दिवा लागावा असं जंगल, गुडघाभर चिखल, खांबांवर उभी लाकडी घरं. इरा तिथे फार रमली.

निघताना आमचा वाटाड्या यानुस जंगलाकडे तोंड करून थांबला. तिथली रीत अशी, की आईने मुलाचं नाव घेऊन 'चल, घरी जाऊ' म्हणायचं, नाहीतर मुलाचा जीव मागेच रेंगाळतो. बोट सुटायला दहा मिनिटं होती आणि जर्मनीत राहून वेळेचं भूत माझ्या मानेवर बसलेलं. मी इराला उचललं आणि पळत सुटले.

घरी आल्यावर इरा गप्प झाली. जेवायची, झोपायची, पण हाक मारली तर वळायची नाही. डॉक्टरांनी कान तपासले, ते व्यवस्थित होते. मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडून यायचे.

एका शनिवारी जेवताना यानुसचा व्हॉइस मेसेज आला. जंगलातली किर्रकिर्र आणि मध्येच, "मामा, वो बिस्ट डू?" आई, कुठे आहेस? आवाज इराचा... आणि इरा माझ्यासमोर वरणभात खात होती.

"अगं, आपण तिथे होतो तेव्हाचं असेल," समीर म्हणाला.

मी यानुसला फोन लावला. "आत्ताचंच आहे, मॅडम. फोन जंगलाकडे धरतो, तुम्ही हाक मारा."

"इरा, चल बाळा, घरी जाऊ." तीनदा म्हटलं.

समोरच्या इराने मान वर केली. "आले गं आई." स्वच्छ मराठीत. मी तिला कवटाळून रडले.

त्याला चार महिने झाले. इरा हसते, बडबडते. व्हिडिओ कॉलवर तिचं मराठी ऐकून सासूबाई खूश आहेत. शाळेतल्या बाई मात्र म्हणतात, तिला जर्मनचा एक शब्द कळत नाही. समीरने स्पेशालिस्टची टेर्मीन, म्हणजे अपॉइंटमेंट, घेतलीय. यानुसचे मेसेज अजून येतात. पुन्हा हाक मारायचा मला धीर होत नाही... मारली तर, जी रोज माझ्या कुशीत झोपते तिचं काय होईल?

काल एक मेसेज उघडला. "मामा, इश बिन नॉख हिअर." आई, मी अजून इथेच आहे.

शेजारी बसलेल्या इराने विचारलं, "आई, ही कोण गं?"

मी चहा करायला उठले.