वाढत्या अंगाचं

माझी धाकटी बहीण लोकांचे कपडे शिवते आणि स्वतः तोंड शिवल्यासारखी बसते. तिची लेक चिमी चार वर्षांची असताना तापाने गेली, तेव्हापासून हे असंच. शेवटी मीच वैतागून तिला वाचनालयाच्या माडीवरच्या कॉम्प्युटरच्या वर्गात घातलं, सोबत म्हणून स्वतःही गेले. म्हटलं, मशीनसमोरून ऊठ तरी! तर ही बया दुसऱ्या मशीनसमोर जाऊन बसली.

शिकवणारी पोरगी गोड होती. म्हणाली, "ठोकळे, गोळे, नळकांडी जोडून स्वतःची बाहुली बनवा. चेहरा हुबेहूब नको, पण बघणाऱ्याला कळलं पाहिजे तुम्ही कोण ते. शेवटी या छापायच्या मशीनमधून प्लॅस्टिकची खरीखुरी काढून देईन."

मी तीन गोळे एकावर एक ठेवून मोकळी झाले. हुबेहूब नको म्हणाली होती, पण झाले बाई हुबेहूब! धाकटीने मात्र नळकांड्याची बाई केली आणि तिच्या कडेवर एक मुलगी. मग त्या मुलीचं भोक केलं. तसं बटणच आहे त्यात. दाबलं की तो आकार नाहीसा होतो आणि जिथे टेकला असेल तिथलं कोरून नेतो. बाईच्या कुशीत मुलीएवढा खड्डा राहिला.

पुढे प्रत्येक वर्गाला ती तो खड्डा ओढून ओढून मोठा करायची. बाहुल्या काढायच्या दिवशी पोरगी म्हणाली, "काकू, भोक लहान करा ना. बाईची कड कागदाएवढी पातळ उरलीय, तुटेल."

"लहान कशी करू तिला? मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं ठेवावं लागतं. आता केवढी झाली असती!"

मला राहवेना. "अगं, नाही झाली! चार वर्षांचीच राहिली आपली चिमी!" कुणीतरी बोलायलाच हवं होतं ना? बोलले आणि मीच रडायला लागले.

ती चिडली नाही. पोरीला म्हणाली, "मग मला काढून टाक."

"अहो, पण बाहुली तुमची करायची होती."

"तिला जागा होत नसेल तर मी राहून काय करू?"

बाई पुसली. भोक पुन्हा भरीव केलं. मशीन बराच वेळ घरघरलं आणि करड्या प्लॅस्टिकची चिमी निघाली, चांगली उंच, लांब हातापायांची.

धाकटीने तिला टेबलावर उभं केलं. ती आडवी झाली. परत उभं केलं, परत आडवी. आईवर रेललेली केली होती, सगळा भार एका बाजूला. पोरगी म्हणाली, खाली चपटा तुकडा चिकटवू का? धाकटीने नको म्हणून मान हलवली आणि एका बोटाचा टेकू देऊन बसून राहिली. वर्ग सुटला, लोक पांगले, मी जिन्यातून दोनदा ओरडले, चल म्हणून.

"ताई, तू हो पुढे," ती म्हणाली. "मी बोट काढलं की पडते गं ती."