ताणावरची बाग

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं स्वतःच्या बागेची माती करावी ती किती? आणि तीही पाणी पाजून! ऐका तर.

धरणगावाबाहेर माझी डाळिंबाची बाग. बाकी सगळं गाव कापूसवालं, फार तर हिवाळ्यात थोडा गहू. आमच्याकडे पाणी देणं म्हणजे काय, तर मोटार चालू करायची आणि पारावर जाऊन बसायचं. पाणी फुटून रस्त्यावर आलं की शेताची तहान भागली! मुळांना हवाही लागते, हे सांगावं कुणाला? म्हशीला सांगितलेलं बरं, ती निदान मान तरी हलवते.

तर मी बाग ताणावर सोडली होती. म्हणजे पाणी मुद्दाम बंद. झाडानं तहानेनं पानं गाळली की मग पाणी द्यायचं, मग ते फुलांनी लगडतं. बाग भुंडी दिसायला लागली, तसे शेजारचे नाना बांधावर आले.

"भाऊ, तुन्ही बाग वाळी ऱ्हायनी ना! काय व्हयनं?"

सरळ सांगायचं की नाही? पण कापूसवाल्याला बहार समजावत कोण बसणार! मी चेहरा पाडून म्हटलं, "मोटार जळाली, नाना. आता बाग देवाच्या भरवशावर."

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर. किराणावाले शेठ हळहळले. दूध घालणाऱ्या अक्का म्हणाल्या, "धीर धर भाऊ, देव बठ्ठं पाही ऱ्हायना." मी सगळ्यांपुढे उसासे टाकायचो आणि घरी येऊन बायकोला एकेकाची नक्कल करून दाखवायचो.

"अहो, खरं सांगून टाका ना," ती म्हणाली.

"कशाला? अडाण्यांना तेवढाच उद्योग!"

मग आम्ही लग्नासाठी धुळ्याला गेलो. परत येऊन बागेत पाय टाकला तर चप्पल चिखलात रुतली. बाग कसली, म्हशी लोळवाव्यात असं डबकं! नानांनी त्यांच्या विहिरीवरून पाइप ओढून माझ्या बागेत सोडला होता. खळखळ, खळखळ!

"नाना, हे काय केलंत?" मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्यांना वाटलं, मला भरून आलंय. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आभार नको मानू, भाऊ. मन्हा गहू थांबी दोन रोज. तुन्हा झाडं मरू देऊत का?"

मी हात जोडले. घरी नेऊन चहा पाजला. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. रडायला नव्हे!

बाग अशी तरारली म्हणता! ताण अर्ध्यावरच मोडला, त्यामुळे पानंच पानं. फूल मात्र औषधालाही नाही. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि नानांची पाठ थोपटून जायचे.

डाळिंबाच्या दिवसांत सासरे आले. जावयाच्या बागेचं डाळिंब खायचंय म्हणाले. मी मागच्या दारानं सटकलो ते थेट जळगावच्या बाजारात, एका हातगाडीपुढे. फळ दाबून बघत होतो, तर गाडीवाला खेकसला, "ओ काका, टमाटे आहेत का ते? डाळिंबातलं काही कळत नसेल तर मी देतो ते घ्या!"

मी मुकाट्यानं पिशवी पुढे केली.