अर्धी चूक

“पट्टे तं माणसाईसाठी असतेत, सायकलीसाठी थोडेच?” बाहेरच्या खोलीतून आवाज आला आणि पाठोपाठ बशीतून चहाचा फुरका.

मी आतल्या खोलीत, सोललेल्या गुडघ्याला मलम लावून बसले होते. बोलणारे काका बाबांच्या ओळखीचे, अंजनगाव सुर्जीचे. कामासाठी गाडी घेऊन अमरावतीला सारखे येणारे. त्याच गाडीने सकाळी मला झेब्रा क्रॉसिंगवर पाडलं होतं. आता ते बघायला आले होते. मला नव्हे, बाबा किती चिडलेत ते. बाबा चिडले नव्हते, बिस्किटं शोधत होते.

सकाळी पट्ट्यांच्या कडेला मी पाय टेकून थांबले होते. उजवीकडून काकांची गाडी आली आणि तिने दोनदा दिव्यांची उघडझाप केली. शाळेत वाहतूक सप्ताहात आम्हाला एक गुळगुळीत इंग्रजी पुस्तिका वाटली होती. तिच्यात लिहिलं होतं, गाडीवाल्याने दिवे मिचकावले की समजावं, तो म्हणतोय, तुम्ही आधी जा. मी मान लववून आभार मानले आणि पेडल मारलं. पुस्तिका कोणत्या देशासाठी छापली होती कोण जाणे. आमच्याकडे डिप्परचा अर्थ एकच: मी थांबणार नाही, तुझं तू बघ.

“म्या डिप्पर देलं होतं न, भाऊ,” काका बाबांना सांगत होते. जणू रीतसर नोटीस बजावली होती आणि ती घ्यायला मी घरी नव्हते.

मी उतरून सायकल हातात धरून ओलांडायला हवं होतं, हे मला मान्य आहे. त्यांनी वेग कमी करायला हवा होता, हेही उघड आहे. पण विचारलं कुणी? आमच्या घरी माझ्याबद्दलचे प्रश्न बाहेरच्या खोलीत निघतात आणि तिथेच मिटतात.

पट्ट्यांचा मान ठेवणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, अकोल्याची मावशी. रस्ता ओलांडताना ती गाड्यांना तळहात दाखवत चालते. गाड्या तो आशीर्वाद समजून घेतात आणि पुढे निघून जातात.

शेवटी बाबांनी निवाडा केला. “जाऊ द्या जी. अर्धी चूक तुमची, अर्धी पोरीची.”

वाटणी चोख झाली. काकांची अर्धी चूक चहात विरघळली. माझ्या अर्ध्या चुकीपायी सायकल जिन्याखाली जाणार आणि उद्यापासून दादा मला स्कूटरवरून क्लासला सोडणार, असं ठरलं. एका हातात फोन धरून गाडी चालवणारा दादा सुरक्षित. मला सायकलच्या वेगाचं फारसं कौतुक नाही. पण दिवसभरात तेवढाच रस्ता असा, जिथे मी कुणाच्या मागे बसलेली नसते.

“बराबर हाय,” काका म्हणाले. “पोरीच्या जातीले सायकल कायले पायजे?”

पाहुण्यांसमोर मी बोलत नाही. इंग्रजी शाळेने मला जी पुस्तकी मराठी दिली, ती ऐकून नातेवाईक हसतात. ‘आली पुण्याची बाई’ म्हणतात. तरी मी उठून दारात गेले. काका टीपॉयवरची किल्ली उचलत होते.

“काय बेटा, जास्त लागलं तं नाही न?” दिवसभरात मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी उत्तर दिलं आणि ते पुण्याच्या मराठीत आलं नाही.

“अर्धी चूक माही, म्हणून माही सायकल बंद. मंग अर्धी तुमची हाय न, काका? थे किल्ली इथंच ठेवा अन् अंजनगावले एसटीनं जा.”