अडतीस बाटल्यांची तहान

उभ्या मुंबई बेटावर स्वतः एक घोटही न घेता दुसऱ्यांची जीभ तृप्त करण्याचं व्रत कुणी चालवलं असेल, तर ते एकट्या माझ्या थोरल्या चुलतभावानं. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. गिरगावातल्या आमच्या चाळीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे, मी पहिल्या. गोदीवरच्या एका कचेरीत ते कारकून होते. एका नाताळात साहेबाची सही घ्यायला म्हणून ते बंगल्यावर गेले आणि तासभर व्हरांड्यात ताटकळले. आत मेजवानी चालली होती. दुसरा कुणी असता तर साहेबाच्या नावानं बोटं मोडत बसला असता, पण दादा दाराच्या फटीतून बटलरचे हात बघत राहिले. त्यानं फळं कशी चिरली, साखरेत कशी घोळली, बर्फ कधी घातला आणि शेवटी गोटीच्या बाटल्या फोडून ते फसफसतं सोडावाटर कसं ओतलं, हे सगळं त्यांनी पाठ केलं. सही मिळाली की नाही ते मला आजतागायत ठाऊक नाही. बटलरनं मधेच एक तांबडी बाटलीही ओतली होती. तिच्या जागी दादांनी डाळिंबाचा रस घातला आणि साहेबाच्या पेयाची शुद्धी झाली असं जाहीर केलं. "साहेब याला पंच म्हणतो. पंच म्हणजे पाच. आपलं पंचामृतच ते, फक्त गाईऐवजी झाडांकडून घेतलेलं," असं ते ज्याला त्याला ऐकवत.

त्या दिवसापासून आमच्या घराण्यातलं एकही कार्य त्या सरबतावाचून पार पडलं नाही. बारसं असो, मुंज असो, सत्यनारायण असो, दादा आदल्या दिवशी बाजारात हजर. अननस ते कानाशी धरून टिचकी मारून घेत. संत्र्याचं साल नखानं ओरखडून हुंगत. लिंबवाल्याशी त्यांचं असं काही वाजायचं की तो दादांना येताना बघून टोपलीवर फडकं टाकायचा. सकाळी स्नान करून, ओलेत्यानं, कल्हईच्या पातेल्यात ते अननस, संत्री, द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणे साखरेत मुरत घालत. पातेल्याची कल्हई उडालेली दिसली तर वहिनींचं काही खरं नसे, कारण आंबट पितळेत कळकतं. बर्फ पोत्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळून यायचा. पाचवं फळ लिंबू, ते अगदी शेवटी. आणि सोडावाटर तर पाहुण्यांनी मांडी घातल्यावरच. पातेल्याच्या कडेनं, अलगद, देवाला अभिषेक करावा तसं. कुणी फुलपात्र हातात धरून गप्पा मारायला लागला तर दादा कासावीस होत. "अहो, बोलताय काय? फेस मरतोय! आधी प्या, मग देशाचं बघू," म्हणून ते ओरडत.

स्वतः मात्र ते थेंब घेत नसत. परक्या हातचं पाणी पिणार नाही, असा शब्द त्यांनी आईला तिच्या अंतकाळी दिला होता, आणि सोडावाटर काही आमच्या घरच्या विहिरीचं नव्हतं. आम्ही बाकीचे ते औषध म्हणून पीत असू. औषधाला सोवळंओवळं नसतं, आणि त्या दिवसांत गिरगावातल्या निम्म्या पुरुषांना अपचन असे. दादांना ही पळवाट ठाऊक होती, पण आईला दिलेल्या शब्दात अपचनाची तरतूद नव्हती. मग चव बरोबर जमली की नाही हे कळायचं कसं? तर पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघून. तुम्ही घोट घेतलात की दादा हातभर अंतरावर उभे राहून तुमच्या भुवया बघत. एकदा मी पहिला घोट घेतला आणि ते पळत जाऊन लिंबू घेऊन आले. "तुझी डावी भुवई हलली नाही," म्हणाले. "आंबट कमी पडलंय." पडलं होतंच. त्या माणसाला माझ्या तोंडावरचं सगळं वाचता येत असे, हे लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

त्यांना एकुलती एक मुलगी, यमू. पत्रिकेत मंगळ. त्यापायी दोन स्थळं बोलणी होऊन फिसकटली होती आणि लग्नाचं वय उलटत चाललं होतं. तिसरं स्थळ परळचं आलं. मुलगाही मंगळाचाच, शिकलेला, घर खाऊनपिऊन सुखी. दादांनी याच एका लग्नावर जीव टांगला होता. साखरपुड्याला परळहून दोन घोडागाड्या भरून माणसं आली, आमच्याकडची पंधरावीस होती, आणि दादांनी आयुष्यातलं सर्वांत मोठं पातेलं लावलं. अडतीस बाटल्या फुटल्या. व्याह्यांनी दोन फुलपात्रं रिचवली आणि मिशीवरचा फेस उपरण्यानं पुसून, "अन्नपचनाला बरं असतं हो हे," असं म्हणत तिसरं पुढे केलं. मीही तीन घेतली. दादांना भुवया बघायला डोळे पुरेनात.

आता कारखान्याच्या बाटल्या परत द्याव्या लागत. सगळी चाळ त्या न धुता, पोत्यात कोंबून, मागच्या जिन्यानं गुपचूप देत असे. पण दादा पडले सोवळ्यातले. उष्टी बाटली परत देणं त्यांच्या धर्मात बसेना. त्यांनी दुसऱ्या दिवशी अडतीसच्या अडतीस बाटल्या राखेनं घासल्या, धुतल्या आणि उन्हात वाळायला गॅलरीच्या कठड्याला ओळीनं लावल्या. तिसऱ्या मजल्यावर रुद्राच्या एकादष्णीला निघालेले आमच्या ज्ञातीचे शास्त्रीबोवा नेमके खालून वर बघत आले. बाकीच्यांनी पाप लपवलं होतं. दादांनी ते घासूनपुसून लख्ख केलं आणि सूर्यप्रकाशात मांडलं.

पुढच्या रविवारी देवळाच्या सभामंडपात ज्ञातीची बैठक बसली. एका कडेला परळचे व्याही, दुसऱ्या कडेला आम्ही, मधे दादा उभे. शास्त्रीबोवांनी पाणी कुणी भरलं, कुणी शिवलं, यावर बराच वेळ प्रवचन दिलं आणि मग विचारलं, "त्या दिवशी कोण कोण प्यायलं ते आपल्या तोंडानं सांगा."

सभामंडपातली फरशी इतक्या बारकाईनं इतक्या माणसांनी त्यापूर्वी कधी न्याहाळली नसेल.

व्याही घसा खाकरून म्हणाले, "आम्ही मानाखातर पात्र हाती धरलं एवढंच. ओठाला लावलं नाही. आणि मुलीच्या घरीच असला बाट असेल, तर आम्हाला या सोयरिकीचा विचार करावा लागेल."

दादांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या घरचा, सख्ख्यासारखा. मी उठून नुसतं "प्यायलो, आणि व्याह्यांच्या शेजारी बसून प्यायलो" म्हटलं असतं तरी शास्त्रीबोवांना सगळ्या सभेलाच पंचगव्य पाजावं लागलं असतं आणि प्रकरण हसण्यावारी गेलं असतं. शास्त्रीबोवांनी मला नाव घेऊन विचारलं. मी म्हणालो, "मला त्या दिवशी पडसं होतं. मी घेतलं नाही."

दादा माझ्या भुवयांकडे बघत होते. मग ते शास्त्रीबोवांकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "खरं आहे. कुणीच घेतलं नाही. सगळं मी एकट्यानं प्यायलो."

"अडतीस बाटल्या?"

"तहान लागली होती."

सभा हसली. व्याही हसले. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. आयुष्यात ज्या एका माणसानं त्या सरबताचा थेंब चाखला नव्हता, त्याला ते प्यायल्याबद्दल मिशा उतरवून प्रायश्चित्त आणि वर्षभर पंगतीबाहेर, अशी शिक्षा झाली. पंचगव्य घेऊन घरी आल्यावर ते वहिनींना म्हणाले, "त्यात थोडं लिंबू हवं होतं." वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

व्याही बाटले नव्हते, तेव्हा सोयरीक टिकली. दादांना हवं होतं ते मिळालं. फक्त वैशाखातला मुहूर्त वर्षभर थांबणार नव्हता आणि पंगतीबाहेरच्या बापाला कन्यादानाला बसता येईना. बसायला हवा होता त्याच गोत्राचा, त्याच कुळाचा, निष्कलंक माणूस. असा माणूस एकच होता, पडसं झालेला. वाडीतल्या मांडवात माझ्या बायकोनं पाणी घातलं आणि मी यमूचा हात दुसऱ्याच्या हातात दिला. मुलगी मुंडावळ्यांआडून चाळीच्या गॅलरीकडे बघत होती. तिथे दादा आणि वहिनी उभे होते. मंगलाष्टकं संपली तेव्हा दादांनी तिथूनच, वरून, मूठभर अक्षता टाकल्या. त्या मांडवाच्या कापडावर पडल्या. खाली एकही आली नाही.

आणि मांडवामागच्या पडद्याआड फट् फट् असे आवाज येत होते. परळच्या वडीलधाऱ्यांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून व्याह्यांनी पेटीभर औषध बरोबर आणलं होतं. गॅलरीपर्यंत तो आवाज पोचत असणारच. गोटी आत गेल्याचा आवाज दादांना झोपेतही ओळखू आला असता.

वर्षानं त्यांना पंगतीत घेतलं. पण पातेलं माळ्यावर गेलं ते गेलंच. कार्यांतून आता विकतची सोडालेमनं उघड्यावर फुटू लागली, शास्त्रीबोवांनाही पुढे अपचन जडलं, आणि दादा बाजारात गेले तर लिंबवाला हाका मारायचा, तरी ते वळून बघत नसत. माझ्याशी ते पूर्वीइतक्याच मायेनं बोलत. एकदा तरी शिव्या देतील, म्हणून मी कितीदा वाट बघितली. ते मला पान लावून देत.

पाचसहा वर्षांनी यमू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला अन्न जाईना. वहिनींनी हरतऱ्हेचं करून पाहिलं. एका दुपारी मी वर गेलो होतो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला ते तुमचं फेसाचं सरबत द्या ना करून."

दादा उठले. स्टुलावर चढून त्यांनी पातेलं काढलं, कल्हई बोटानं तपासली आणि टोपी घालून बाजारात गेले. तासाभरानं त्यांनी एक बाटली फोडली, कडेनं ओतली, आणि यमूसमोर उभे राहून तिच्या भुवया बघू लागले. ती अर्धं प्यायली आणि तिनं फुलपात्र त्यांच्यापुढे धरलं. "तुम्ही घ्या ना, बाबा. माझ्यासाठी."

वहिनी दारात थबकल्या. दादांनी फुलपात्र हातात घेतलं. "प्रायश्चित्त तर केव्हाच होऊन गेलंय," ते म्हणाले. "आईला काय ते मी वर गेल्यावर सांगेन." त्यांनी एक घोट घेतला आणि जोरात शिंकले. डोळ्यांत पाणी आलं. "अगं, हे नाकात जातं! इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही?" यमू हसायला लागली, वहिनीही हसल्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला हसू येईना.

मग दादांनी आणखी एक फुलपात्र भरलं आणि माझ्यासमोर आले. "तुला आज पडसं नाही ना?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पात्र माझ्या हातात दिलं आणि नेहमीसारखे हातभर अंतरावर उभे राहिले. मी प्यायलो. मान वर करवेना, म्हणून खाली बघूनच म्हणालो, "लिंबू बरोबर झालंय, दादा."