थावरूकाकानं जुंपून पाहिलेलं कॉलेज

माझ्या नर्सिंगच्या पदवीसाठी कॉलेज निवडायचं काम आमच्या घरानं ज्या माणसावर सोपवलं, तो बैलांचा पारखी होता.

हा माणूस म्हणजे माझा थावरूकाका, बाचा धाकटा भाऊ. पुसेगावच्या पलीकडे आमचा तांडा. तांड्यात कुणाला बैल घ्यायचा झाला की काकाला सोबत न्यायचं, असा रिवाज होता. आमचे पूर्वज म्हणे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालत. त्यांची सगळी विद्या थावरूत उतरली आहे, असं तांड्याचं मत होतं. (काकाचं तर होतंच.) तो बैलाचे दात बघे, खूर बघे, शेपटी पिळून बघे आणि शेवटी म्हणे, "गाडीला जुंपा." जुंपून चालवल्याशिवाय त्यानं आयुष्यात एक बैल घेतला नाही.

घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतो. इथं सगळं मराठीत सांगते आहे. मूळ भाषेत काका याहून भारी बोलतो, एवढं मनात धरून वाचा.

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी नुकतीच बारावी सायन्स झाले होते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी दोन कॉलेजांत माझा नंबर लागत होता. दोन्ही कळमनुरीच्या पुढे, मोठ्या शहरात, दोन वेगळ्या विद्यापीठांची. त्यातलं एक निवडायचं होतं. म्हणजे मला निवडायचं होतं. घरच्यांना आधी हे ठरवायचं होतं की पोरीला पाठवायचं की नाही. बा हळदीच्या लागवडीत अडकलेला. त्यानं तांड्याच्या नायकाला विचारलं. नायकानं बराच वेळ विचार करून निकाल दिला, "थावरूला पसंत पडलं तर पोरगी शिकंल. न्हाई पडलं तर ते कळमनुरीकडलं स्थळ हायेच."

स्थळ खरंच चांगलं होतं. मुलाकडे ट्रॅक्टर होता. पण मला ट्रॅक्टर नको होता. मला पांढरा गणवेश घालून दवाखान्यात खाडखाड चालायचं होतं, आणि ते होणार की नाही हे आता काकाच्या पसंतीवर होतं.

आमच्या सायन्सच्या सरांनी मला विचारायचे प्रश्न पाठ करून दिले होते. विद्यापीठ कोणतं, कौन्सिलची मान्यता आहे का, प्रॅक्टिकल कुठं होतं. मी ते एसटीत हिंगोलीपर्यंत घोकले, हिंगोलीला गाडी बदलून पुढं घोकले, आणि पहिल्या कॉलेजच्या दारात उभी राहिल्यावर साफ विसरले. कारण दारात एक चकचकीत फोटो होता. त्यात निळा गणवेश आणि डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी घातलेली मुलगी हसत होती. मी तिथंच ठरवलं, हेच विद्यापीठ. एका टोपीवर मी आयुष्याची चार वर्षं लावायला निघाले होते.

आम्ही तिघं होतो. मी, काका आणि याडी, म्हणजे माझी आई. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला चहाबिस्किटं दिली आणि इमारत दाखवली. भिंती गुळगुळीत, फरशी अशी की याडीनं चपला हातात घेतल्या. एका खोलीत ओळीनं खाटा होत्या. पहिल्या खाटेवर कुणीतरी गळ्यापर्यंत चादर ओढून झोपलेलं. काका जवळ गेला आणि अदबीनं म्हणाला, "राम राम. काय तकलीफ हाय?"

उत्तर आलं नाही. तो प्लास्टिकचा पुतळा होता.

"यांच्यावर मुली शिकतात," टायवाले म्हणाले.

"अन् खरे पेशंट?"

"हॉस्पिटलचं काम चालू आहे. लवकरच होईल."

काकानं पुतळ्याची चादर नीट केली आणि बाहेर येऊन म्हणाला, "हे न्हाई."

"काहून? किती चांगलं हाय."

"शिंगं रंगवलेली दिसली की मी आधी खूर बघतो. याला खूरच न्हाईत."

मी टोपीवाल्या मुलीकडे शेवटचं बघून घेतलं. मला रडू येत होतं. एक गेलं, आता एकच उरलं. तेही नापसंत झालं की माझी वरात ट्रॅक्टरवरून.

दुसरं कॉलेज जुन्या इमारतीत होतं. भिंतींचा रंग कधीकाळी पिवळा असावा. शेजारीच त्यांचं मोठं हॉस्पिटल, आणि तिथं गर्दी अशी की बाजारच भरलेला. काकाचा चेहरा उजळला. त्यानं दारातून नर्सिंगच्या मुलींची धावपळ पाहिली, बाकड्यावर बसलेले पेशंट पाहिले, आणि त्याच्या डोळ्यांत ती चमक आली. ती मला ओळखीची होती. बैलाचे दात बघून झाल्यावर यायची तीच.

"आता जुंपून बघायचं," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"तू गप बस. भोजाईला, तुझ्या याडीला, काही सांगू नको."

आणि मला काही कळायच्या आत माझा सहा फुटी काका पोट धरून तपासणीच्या खोलीच्या दारात आडवा झाला.

"मेलो! पोट! मेलो!"

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या तांड्यातल्या बायका सुरात रडतात. लेक सासरी जाताना, कुणी गेल्यावर, इतकंच काय लांबची बहीण बऱ्याच दिवसांनी भेटल्यावरही गळ्यात गळा घालून चालीवर रडतात आणि रडता रडता माणसाचे सगळे गुण गातात. याडीला काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त धाकटा दीर जमिनीवर लोळताना दिसला. तिनं पदर तोंडावर घेतला आणि पहिली ओळ उचलली.

याडीचा आवाज खणखणीत. काकाचं बालपण, त्यानं पारखलेले बैल, त्याची उघडी पडणारी लेकरं, असं क्रमानं सुरू झालं. सगळं हॉस्पिटल गोळा झालं. दोन अनोळखी बायकांनी याडीला धरलं आणि त्याही रडायला लागल्या. एकानं तर माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "कधी गेले?"

काकाला खाटेवर घेतलं. तरुण डॉक्टर आले. त्यांनी पोटाच्या उजव्या बाजूला दाबलं. काका गप्प. मग त्याला आठवलं असावं की आपण आजारी आहोत, म्हणून डॉक्टरांनी हात काढताक्षणी तो किंचाळला. हीच नेमकी अपेंडिक्सची खूण असते, हे मला पुढं दुसऱ्या वर्षाला कळलं. डॉक्टरांनी पुन्हा दाबून सोडलं. काका पुन्हा सोडल्यावरच किंचाळला, आधीपेक्षा मोठ्यानं. काम नीट करायची त्याला सवयच होती.

"अपेंडिक्स," डॉक्टर म्हणाले. "पाणीसुद्धा देऊ नका. सलाईन लावा. आजच ऑपरेशन."

काकाला यातला शब्द कळला नाही. त्यानं मला जवळ बोलावून कानात सांगितलं, "पायानं चपळ हाय. लगेच धावून आले. पसंतीच्या जवळ येऊन राहिलं."

मी म्हणाले, "काका, ते तुला कापणार हायेत."

पण तेवढ्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी ट्रे घेऊन आली. वंदना तिचं नाव. तिनं काकाचा हात धरला, "मामा, एक मुंगी चावल्यासारखं होईल," म्हणाली आणि सुई काढली. ती लांब होती. मला वाटलं, आपण लक्ष देऊन पाहू, पुढं हेच करायचं आहे. मी वाकून पाहिलं. सुई आत गेली, नळीत रक्ताचा लाल ठिपका आला, आणि वंदनाची पांढरी बाही हळूहळू वर वर जायला लागली. म्हणजे बाही जागेवरच होती. मी खाली चालले होते.

शुद्धीवर आले तेव्हा मी शेजारच्या खाटेवर होते. पायांखाली दोन उशा. वंदना माझं मनगट धरून बसली होती आणि दुसरी एक मुलगी चेहऱ्यावर पाणी शिंपडत होती.

"बरं वाटतंय का? काय करतेस तू?" वंदनानं विचारलं.

"नर्सिंगला यायचंय," मी म्हणाले.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हसल्या नाहीत. हे मी त्यांचे उपकार समजते.

शेजारी काकाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, फक्त रहीमचाचांचं होतं. चाचा तिथले जुने कर्मचारी. ऑपरेशनआधी पोटावरचे केस काढायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी साबण लावला आणि वस्तरा उघडला. काका ताडकन उठून बसला.

"मी बरा हाय."

"लेटो, लेटो," चाचा म्हणाले.

"आरं, खरंच बरा हाय. पोट दुखतच न्हाई. दुखतच नव्हतं."

"उस्तरा देखके सब लोगां अच्छे हो जाते," चाचांनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं आणि काकाला पुन्हा आडवं केलं.

काकानं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. शेजारच्या पेशंटला सांगितलं, त्यानं धीर दिला. याडीला वाटलं दीर शेवटचं बोलतोय, तिनं पुढची ओळ उचलली. शेवटी काकानं माझ्याकडे पाहिलं. बैलांना जरब बसवणारा माणूस, पण त्या वेळी त्याच्या पोटावर साबण होता आणि हातात नळी.

माझी पंचाईत झाली. खरं सांगावं तर ज्या कॉलेजात शिकायचं त्याच कॉलेजला फसवल्याचं कबूल करायचं, मग मला कोण घेईल? न सांगावं तर काकाचं अपेंडिक्स जाणार. एक क्षण ट्रॅक्टर डोळ्यांपुढून गेला. मग मी उठले आणि वॉर्ड अन् कॉलेज दोन्ही बघणाऱ्या मेट्रनबाईंसमोर उभी राहिले. (धरून उभी राहिले, खाटेला.) सगळं सांगितलं. दात, खूर, जुंपणं, सगळं.

मेट्रनबाई चष्म्यावरून काकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या खाटेसाठी बाहेर खरा पेशंट बसलाय."

काकाचा चेहरा पडला. तो कुणी सांगायच्या आत खाली उतरला, नळी हातात धरून, आणि म्हणाला, "बाई, चुकलं. एवढं ध्यानात न्हाई आलं." मी त्याला कुणाची माफी मागताना तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"नळी काढ गं त्यांची," बाई वंदनाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि पडलीस ती तू ना?"

"हो."

"पहिल्या वर्षाला निम्म्या पोरी पडतात. तू प्रवेशाआधीच उरकून घेतलंस. आता कागद आणलेत का नुसताच काका आणलाय?"

परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी घेतलं तरी काका पाठवणार नाही, याची मला खात्री होती. जो माणूस अडखळणारा बैल बाजारातूनच परत लावतो, तो सुई पाहून कोसळलेली पुतणी घेऊन नायकापुढं काय सांगणार? याडीनं फडक्यात बांधलेली भाकर आणि ठेचा पुढं केला. दिवसभराच्या उपाशी काकानं आधी दोन भाकरी संपवल्या.

मग म्हणाला, "तू पडलीस तवा मी मरून राहिलो होतो. त्यांच्या हिशोबानं. तरी दोघी तुझ्याकडं धावल्या. पडलेल्याला उचलायची सवय हाय त्यांना. तितंच शिक."

"पण मी पडले, काका. नायकाला काय सांगशील?"

"ते मी बघतो, संगी."

तांड्यावर पोचलो तेव्हा बा आणि नायक वाट बघत बसले होते. काकानं पागोटं काढून ठेवलं आणि सांगितलं, "कॉलेज बराबर हाय. एक गोष्ट झाली. मी सुई पाहिली अन् मला चक्कर आली. आडवाच झालो. संगीनं धरलं, पाणी मारलं, पोरगी हालली न्हाई जागची."

याडीनं पदर सावरला आणि ती चूल पेटवायला गेली.

तांडा आठवडाभर हसला. पुढची सगळी वर्षं हसत राहिला. मस्तवाल बैलाच्या शिंगाला हात घालणारा थावरू सुईला घाबरतो, ही गोष्ट लग्नांतून चघळली गेली. काकानं एकदाही खोडून काढली नाही. त्या चार वर्षांत मी शिकले, पास झाले, नोकरीला लागले. आज जे काही आहे ते त्या एका खोट्यावर उभं आहे, आणि त्या खोट्याचे मी जन्मभर पांग फेडू शकणार नाही.

आता मी तांड्यावर गेले की लेकरांना सुई टोचायची असली तर लोक आधी काकाला लांब बसवतात. तोही मुकाट्यानं जाऊन बसतो. दिवसाला कितीतरी सुया मी दुसऱ्यांना देते, चक्कर येत नाही. फक्त सुई मला घ्यायची असली की गोष्ट वेगळी होते. मागं तांड्यावर मला कुत्रं चावलं तेव्हा पुसेगावच्या दवाखान्यात इंजेक्शनं घ्यायला काका सोबत आला होता. पहिल्याच सुईला मी त्याच्या खांद्यावर कोसळले. डोळे उघडले तेव्हा दारात तांड्यातली चारपाच माणसं वाकून बघत होती आणि काका माझ्या शेजारच्या खाटेवर आडवा पडून त्यांना सांगत होता, "काही न्हाई. मलाच पुन्हा चक्कर आली. संगी बसली हाय जवळ."