तिसऱ्या दिवशीचे गैरहजर

हिंदुरावांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं आहे. मधली तीन बोटं एकवीस वर्षांपूर्वी भोसरीच्या एका वर्कशॉपात प्रेस मशीनखाली गेली. उरलेल्या दोन बोटांत ते स्क्रूड्रायव्हर अशा सफाईनं धरतात की नव्या माणसाच्या लवकर लक्षातही येत नाही.

गेली सतरा वर्षं ते चाकणच्या वाटेवरच्या एका पुनर्वसन केंद्रात शिकवतात. कारखान्यात हाताला इजा झालेली माणसं तिथं येतात आणि तीन महिन्यांत वायरिंग, जुळणी, माल तपासणी असं काहीतरी नवं काम शिकून जातात. हिंदुराव स्वतः पाटणकडचे, सातवी शिकलेले. कागदावर दाखवण्यासारखं त्यांच्याकडे काही नाही. पण रडकुंडीला आलेल्या माणसाच्या हातात पक्कड कधी द्यायची आणि कधी नुसतं शेजारी बसायचं, हे त्यांना बरोबर समजतं.

प्रत्येक तुकडीला दुसऱ्या दिवशी ते आपली हकिगत सांगत. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. "मी नियमानं दोन्ही बटणं दाबली. माल काढायला हात घातला आणि मशीन डबल झाली, आपोआप पुन्हा खाली आली. माझी चूक नव्हती. मग मी मान खाली का घालू?" हे ऐकताना माणसं ताठ होत. तिसऱ्या दिवशी मात्र एखादी खुर्ची रिकामी दिसे. दम नव्हता गड्यात, असं म्हणून हिंदुराव पुढं जात.

यंदा केंद्राला सरकारी अनुदान मंजूर झालं, तेही शिकवणाऱ्यांना शिकवण्यासाठी. पुण्यात सहा आठवड्यांचं प्रशिक्षण आणि शेवटी सर्टिफिकेट. केंद्रप्रमुख विजयश्री मॅडमनी सगळ्यांना बसवून अटी वाचून दाखवल्या. एप्रिलपासून सर्टिफिकेट नसलेल्याला वर्गावर उभं राहता येणार नव्हतं. प्रशिक्षणाला बारावी पास हवं होतं, पण स्वतः अपघातातून सावरलेल्या जुन्या शिक्षकांना सूट होती. त्यांनी अपघाताचा सरकारी अहवाल जोडायचा आणि आपण जखमी कसे झालो, परत उभे कसे राहिलो, ते एक पानभर स्वतःच्या अक्षरात लिहायचं. सूट खास तुमच्यासाठीच आहे बघा, असं मॅडम हसून म्हणाल्या.

हिंदुरावांना हसू आलं नाही. तो अहवाल त्यांच्या ट्रंकेत, लग्नाच्या फोटोखाली होता. त्यात एक ओळ होती: कामगाराने उजवे बटण दाबून तारेने बांधून ठेवल्याचे आढळले.

अहवाल सापडत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मॅडमना त्यात अडचण दिसली नाही. प्रतिज्ञापत्र चालतं, म्हणाल्या. तुमची हकिगत मला पाठ आहे, मी टाइप करून देते, तुम्ही फक्त उतरवून काढा. दुसऱ्या दिवशी तो कागद त्यांच्या हातात पडला. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि आठवडाभर खिशातच राहू दिला.

त्याच आठवड्यात नवी तुकडी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी दीपमाला नावाची बाई आली नाही. एरवी कुणी तिच्या मागे गेलं नसतं. पण अनुदानासाठी तुकडीत किमान बारा माणसं लागत होती आणि ती बारावी होती. मॅडमनी हिंदुरावांनाच पाठवलं.

भोसरीत पत्र्याच्या खोल्यांच्या एका चाळीत ती राहत होती. औशाकडची, तिशीतली, प्रेसवरच काम करणारी. तिनं डावा हात पदराखाली ठेवून एका हातानं चहा केला. हिंदुराव म्हणाले, असं घाबरून कसं चालेल, आम्ही सगळे त्यातूनच गेलोय. तिनं कप पुढं सरकवला.

"घाबरले न्हाई सर. पण तुमचं मशीननं केलं. माझं मीच केलं. बटणाला चिकटपट्टी मीच लावली होती. तुमच्यात कुठल्या तोंडानं येऊन बसू?"

तिथंच सांगून टाकायला हवं होतं. हिंदुरावांनी चहा संपवला, बघा विचार करून, एवढंच म्हणाले आणि उठले. भोसरीच्या चौकात शेअर रिक्षा त्यांना हाका मारून निघून गेल्या, तरी ते उभेच होते.

केंद्रावर परत येऊन त्यांनी कपाटातले जुने हजेरीपट काढले. प्रत्येक तुकडीचा पहिला आठवडा तेवढा बघितला. पहिला दिवस हजर, दुसरा दिवस हजर, तिसऱ्या दिवसापासून पुढं कोरं. अशी तेवीस नावं निघाली. सगळेच त्या हकिगतीमुळं गेले असं म्हणता येत नव्हतं. कुणाला गावी जावं लागलं असेल, कुणाला दुसरं काम मिळालं असेल. पण बरेचसे प्रेसवरचे होते, आणि प्रेसवर काय चालतं ते हिंदुरावांइतकं कुणाला माहीत होतं?

घरी त्यांनी ट्रंक उघडली तेव्हा त्यांच्या पत्नी यशोदाबाई भाजी निवडत होत्या. तार कुणी बांधली हे केंद्रातल्या कुणाला माहीत नसलं तरी त्यांना होतं. दवाखान्यात गावची माणसं भेटायला आली, तेव्हा मशीन डबल झाली असं पहिल्यांदा सांगणाऱ्या त्याच. नवऱ्याला कुणी अडाणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

"आता कशाला उकरताय?" त्या म्हणाल्या. "नोकरी जाईल."

"जाईल म्हणा."

"आणि मग घरी बसून काय करणार?"

पहाटे उठून हिंदुराव कागद घेऊन बसले. डाव्या हातानं लिहायला ते उशिरा शिकले, त्यामुळं एक पान भरेपर्यंत कामावर निघायची वेळ झाली. त्यांनी लिहिलं, तार मी बांधली. एक हात मोकळा राहिला की माल दीडपट निघायचा. तारेचं भेंडोळं सुपरवायझरच्या टेबलावर असायचं, कुणी मागायचीही गरज नव्हती. तरी बांधली मीच. आणि सतरा वर्षं मी हे उलटं सांगत आलो.

मॅडमनी ते पान उभ्यानं वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर खाली बसल्या. पाहुण्यांना ती मशीन डबल झाल्याची हकिगत त्यांनी किती वेळा सांगितली होती. आपण चिडावं की काय करावं, हे त्यांना कळेना. शेवटी म्हणाल्या, "समिती विचारेल, बटण बांधणारा माणूस दुसऱ्यांना काय शिकवणार? मी काय सांगू?"

"मलाही तेच कळत नाही."

"मग हेच पाठवायचं?"

"हेच."

पुण्याहून यादी आली त्यात हिंदुरावांचं नाव नव्हतं. नाकारलेल्यांतही नव्हतं. प्रकरण विचाराधीन आहे, इतकंच पत्र आलं. मार्चपर्यंत वर्ग त्यांच्याकडे राहणार होता. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या रविवारी ते त्या पानाची झेरॉक्स घेऊन पुन्हा भोसरीला गेले. दीपमाला दारात उभ्यानं वाचू लागली. अक्षर वेडंवाकडं होतं, तिला वेळ लागला. वाचून झाल्यावर तिनं त्यांच्या हाताकडं बघितलं.

"कुठलं बटण होतं?"

"उजवं."

"माझं डावं." तिनं पदराखालचा हात बाहेर काढून कागद दोन्ही हातांत धरला. "आमच्यात चिकटपट्टी कंपनीच्या स्टोअरमधूनच मिळायची, सर. सही करून घ्यायची."

हिंदुरावांनी मान हलवली.

"उद्या येते मी," ती म्हणाली. मग कागद परत देताना थांबली. "पण माझ्याआधी जे उठून गेले, त्यांना कोण सांगणार?"

ती ओरडली नव्हती, टोमणाही मारला नव्हता. हिंदुरावांनी खिशातून दुसरा कागद काढला. त्यावर तेवीस नावं होती, काहींपुढं जुने पत्ते, बऱ्याच ठिकाणी तेही नाही. पहिलं नाव निघोजे गावातल्या एकाचं होतं, तेही सोळा वर्षांपूर्वीचं. तो माणूस आता तिथं राहत असेल का, भेटला तर दारात उभं करील का, हे सांगता येत नव्हतं. निघोज्याला इथून कसं जायचं, एवढं त्यांनी तिला विचारलं.