साथीचा पहिला पेशंट मीच झालो

मंडळी, आज रातपाळी सुटल्यावर कंपनीनं आम्हाला थांबवून घेतलं. साथ कशी पसरती ते शिकवायला डॉक्टर मॅडम आल्या होत्या.

आधी त्यांनी एका गावच्या जत्रंची गोष्ट सांगितली. जेवणावळीनंतर गावाला जुलाब लागले आन् कोण कुणाबरोबर जेवलं हे विचारत विचारत डॉक्टरांनी मूळ हुडकलं.

मंग म्हणाल्या, "आता आपण करून बघू. पहिला पेशंट कोण होतंय?"

मी पोट धरून जमिनीवर लोळलो. "मॅडम, मेलो!" सगळी हसली.

मॅडमनी माझ्या हातात सुतलीचं टोक दिलं. "काल कुणाकुणाबरोबर जेवलास? त्यांच्यापर्यंत सुतली न्यायची."

मी इचार केला. डबा मशीनपाशी एकटाच खातो. रूम पार्टनर दिवसपाळीला, मी येतो तवा त्यो गेलेला असतो. घरचे तिकडं गावाला, राहूत.

"कुणीच न्हाई, मॅडम."

"ह्याच्यापास्नं साथच पसरायची न्हाई!" सुपरवायझर मामा ओरडले. टाळ्या पडल्या. मीबी वाकून नमस्कार केला.

मंग माझ्या हातातली सुतली कापून दुसरा पेशंट घेतला. त्याची सुतली पार हॉलभर फिरली, पोरं एकमेकांत गुतली. मी कडंला उभा राहून बघत होतो.

आता रूमवर आलोय. सुतलीचा तुकडा खिशातच राहिलाय.

हितं शिक्रापुरात कुणी हाय का आपलं? रविवारी जेवायला या, न्हाईतर मी येतो. हात साबणानं धुतो, शप्पथ.